चार टोपल्या भोरड्या

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली आली ती साळुंकी, आणि आली तीच भांडत. तिच्या मागून बुलबुल, नवराबायको, ती दोघं एकमेकांना सोडून कुठे जात नाहीत. मग कोतवाल. त्याचं अर्धं लक्ष खाण्यात आणि अर्धं कोण काय करतंय त्यात, आमच्या शेजारच्या ठकीसारखं. कावळ्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते होतेच. मागच्या दारी आमची सावर फुलली की असं लग्नघर होतं. मी पायरीवर चहा घेऊन बसले होते आणि उजाडताना खऱ्या पाहुण्या आल्या, एकदम थव्याने. अंगात गुलाबी पोलकं, त्यावर काळा पदर, डोक्यावर तुरा. भोरड्या. लाल लाल फुलांत तोंड घालून पाणी प्यायल्या आणि कलकलाट असा की आतून निर्मला, माझी सून, म्हणाली, "आई, नळ चालू राहिला का?"

ठकी आता पाड्यात सांगत फिरते की तिच्या उंबरावर काल संध्याकाळीच येऊन गेल्या. येऊन गेल्या असतील. उंबराला फळ नाही, मग काय ठकीचं तोंड बघायला आल्या?

ही वही माझ्या नातीने, मयुराने दिलीय. ती डहाणूला कॉलेजात शिकते, शनिवारी घरी येते. तिच्या शितल मॅडम पाखरं मोजतात. मयुरा म्हणाली, "आजी, तारीख, वेळ, किती आल्या, काय खात होत्या, एवढंच लिही. बाकी काही लिहायचं नाही." मी चौथी शिकलेली. एवढंच लिहायचं तर चार ओळीत संपतं, वही शंभर पानी. म्हणून पुढून तिची मोजणी आणि वही उलटी करून मागून माझं. मागचं तिने वाचायचं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

मयुरा म्हणते, "आजी, 'खूप' हा आकडा नाही." मी म्हटलं, एका जागी बसतील तर मोजीन. मग माझं मलाच सुचलं. तीस वर्षं मी चिकूच्या वाडीत तोडणीला गेले. झाडाखाली उभी राहिले की किती टोपल्या उतरतील ते बघून सांगायची, शेठ मला मुद्दाम बोलवायचे. एक फांदी मोजायची, मग तशा फांद्या किती ते बघायचं. तसंच बघितलं. दोन टोपल्या भोरड्या.

"टोपली म्हणजे किती?" मयुराने विचारलं.

"टोपलीत दीडशे चिकू."

तिने तीनशे लिहिलं. मी माझ्या बाजूला दोन टोपल्या लिहिलं.

तिने अजून एक सांगितलं. ह्या इथे घरटं करत नाहीत. उन्हाळा लागला की डोंगर, वाळवंटं ओलांडून कुठल्या कुठे थंड देशात जातात, तिकडे अंडी घालतात, पिल्लं वाढवतात आणि मग परत. मी इतके दिवस त्यांना माहेरवाशिणी समजत होते. पण बाळंतपणाला तिकडे जातात, म्हणजे माहेर तिकडचं. इकडे त्यांचं सासर. म्हणजे मी त्यांची सासू झाले. नीट वागायला पाहिजे.

निर्मला भांडी घासत होती. म्हणाली, "माहेरी जायला त्यांना कुणाला विचारायला लागत नाही."

मी म्हटलं, पाखरं ती, त्यांना काय. त्यावर तिने पातेलं असं आपटलं की अर्ध्या भोरड्या उडाल्या. घासणी नवीन आणायला हवी, तिचे हात दुखत असतील.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. कवठाची चटणी छान झाली. भोरड्या तीन टोपल्या, उपास नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज काशीनाथभावजी आले आणि मला होळी आठवली. ते नाल्याच्या पलीकडे राहतात, आमच्या ह्यांचे जिवाभावाचे. पाड्याची होळी कुठल्या झाडाची करायची ते तेच बघतात.

आता हे लिहूनच टाकते. आमच्या पाड्यात होळीच्या निखाऱ्यातला नारळ जो उचलतो, पुढच्या वर्षीचं झाड त्याच्या घरचं. गेल्या वर्षी नारळ मी उचलला. कुणी सांगितलं होतं? ठकीने हात पुढे केला आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिला खांद्याने सारलं आणि नारळ घेतला. वर सगळ्यांसमोर म्हटलं, "पुढच्या साली माझी सावर." लोकांनी ढोल वाजवले. नारळ घरी आणून खाल्लासुद्धा.

तेव्हा सावरीला जेमतेम फुलं होती, पाखरं आली तशी गेली, मी कामात होते. यंदा गुडघ्यामुळे वाडीला जात नाही, पायरीवर बसते, तर हे सगळं दिसलं. आता होळी तेरा मार्चला. तोडायला माणसं येतील आणि वर ह्या बसलेल्या असतील. शब्द मी दिलाय. होळीचा शब्द कुणी मागे घेतलेला मी बघितला नाही. जतीनला, माझ्या मुलाला, सांगितलं, तर तो टेम्पोचं चाक बदलता बदलता म्हणाला, "आई, तुला नारळ विकत नव्हता मिळत?"

भावजी झाडाखाली बराच वेळ उभे होते, मान वर करून. टोपीवर दोन ठिकाणी पडलं तरी उभेच.

२ मार्च, रविवार

भावजी रोज येतात. कधी विळी मागायला, कधी घेतलेली विळी परत द्यायला. आज पायरीवर बसून चहा घेतला, मग उठले आणि जोरात टाळी वाजवली. सगळ्या भुर्रकन उडाल्या, आभाळात एक मोठं वळण घेतलं आणि मी मनात दहा म्हणेपर्यंत परत येऊन बसल्या. त्यांनी पुन्हा टाळी वाजवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हात वर केला तेव्हा मी ओरडले, "लहान आहात का, भावजी? खाऊ द्या की त्यांना."

"बघत होतो," म्हणाले.

"काय बघायचंय त्यात?"

"काही नाही." मग झाडाकडे डोळे बारीक करून बघत म्हणाले, "वहिनी, ही सावर जरा वाकडी आहे. होळी सरळ लागते. दुसरं बघावं का?"

मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण वाकडी? माझी सावर वाकडी? आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली. मी आतून दोरी आणली, खाली दगड बांधला, निर्मलाला स्टुलावर चढवलं आणि दोरी सोडली. दोरी आणि खोड, मध्ये बोट जाणार नाही. "बघा," म्हटलं. भावजींनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. स्वतःची चूक कळली की माणूस असंच करतो.

निर्मला स्टुलावरून उतरली आणि माझ्याकडे बघत राहिली. "आई, तुम्हाला झाड ठेवायचंय ना?"

"ठेवायचंय ग. पण वाकडं म्हणून नाही."

५ मार्च, बुधवार

आज भावजी म्हणाले, खोडाला मुंग्या आहेत, होळीला मुंग्यांचं झाड नको. मी खोडावर हात फिरवून दाखवला. एक मुंगी नाही. गेले बिचारे. म्हातारपणी माणसाला दोष काढायची सवय लागते.

भोरड्यांचा रंग चढत चाललाय. आल्या तेव्हा मळकट होत्या, आता पोलकं असं गुलाबी झालंय की तलासरीच्या बाजारात तसं कापड मिळणार नाही. तोंडाला फुलातली पिवळी पूड. हळदीच्या नवऱ्या.

८ मार्च, शनिवार

शितल मॅडम आल्या, मयुराबरोबर. चाळिशीच्या असतील, पायात बूट, गळ्यात दुर्बीण. चहा बशीत ओतून प्यायल्या, म्हणजे माणूस चांगलं. मी भोरड्या चार टोपल्या सांगितल्या. मॅडमनी हसून फोटो काढला आणि मग त्या आणि मयुरा डोक्याला डोकं लावून फोनवर एकेक ठिपका मोजत बसल्या. सहाशे अकरा. चार टोपल्या म्हणजे सहाशे. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्ही आमच्याकडे शिकवायला या." मी म्हटलं, आधी वरचे अकरा कुठले ते शोधा, चिकूत तेवढी चूक चालत नाही.

जाताना झाडावर हात ठेवून म्हणाल्या, "एवढ्या मला आसपास कुठेच दिसल्या नाहीत. हे झाड जपा, आजी. लांबच्या वाटेआधी त्यांना इथेच अंगावर मांस चढवायचंय."

मी मान हलवली. होळीचं सांगायला तोंड उघडलं आणि अजून चहा घ्या म्हटलं. त्या फाटकाबाहेर गेल्या तेव्हा मला चोर असल्यासारखं वाटलं.

९ मार्च, रविवार

पाड्याची माणसं सावर बघायला आली. भावजींनी सगळ्यांसमोर खोडाला कान लावला, म्हणाले, आतून पोकळ वाजतेय. मी म्हटलं, पोकळ? आणि मुसळ आणून ठोकून दाखवलं. भरीव, ढण्ण. निर्मलाने मागून एवढ्या जोरात चिमटा काढला की अजून दंड लाल आहे. सगळे म्हणाले, झाड एक नंबर, कुसुमबाईंनी चांगलं झाड दिलं. माझी एकीकडे छाती फुगली, एकीकडे रडू येत होतं. हे दोन्ही एकदम कसं होतं?

शेवटी भावजी खाली बसले. बराच वेळ मातीत रेघा मारल्या. मग म्हणाले, "ठीक आहे. पण रीत पूर्ण करायची. झाडावर बसलेल्यांना विचारायचं. देणाऱ्याने तीन वेळा खोडावर थाप मारायची आणि म्हणायचं, उठा, दुसरं घर बघा. उठले तर तोडायचं. नाही उठले तर हात लावायचा नाही."

ही रीत सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्यात ती नुसती नावाला. भर दुपारी जातात, झाडावर चिटपाखरू नसतं, थाप मारली की कुऱ्हाड.

"यंदा उजाडताना करू," भावजी म्हणाले.

ठकीचा नवरा म्हणाला, "उजाडताना कशाला? मला दूध घालायचं असतं."

"दूध घालून ये."

मला पण राग आला. त्या वेळी भोरड्या पाणी पितात. दर वर्षी दुपारी जाणारा माणूस, यंदाच घाई कसली?

१२ मार्च

झोप नीट नाही. ह्यांचा फोटो पुसला, त्यांना विचारलं. ते काय सांगणार, ते पण शब्दाचे पक्के. उद्या थाप हळू मारावी असं मनात आलं. मग म्हटलं, नाही. मारायची तर नीट मारायची. बेइमानी करून झाड ठेवलं तर त्याखाली चहा गोड लागणार नाही.

१३ मार्च, होळी

सकाळचं आधी लिहिते.

सगळा पाडा मागच्या दारी. कुऱ्हाडी, दोर. भोरड्या वर, चार टोपल्या पूर्ण, पूर्वेकडून ऊन आलं तर झाडाला फुलं किती आणि पाखरं किती ते कळत नव्हतं. निर्मलाने खोडाला हळदकुंकू लावलं, मी पाणी घातलं. भावजी हळूच म्हणाले, "वहिनी, हलकेच मारा." मी त्यांना नियम म्हणजे नियम असं सांगितलं आणि दोन्ही हातांनी मारली. मोठ्याने म्हटलं, "उठा ग बायांनो, दुसरं घर बघा."

उठल्या. सगळ्या. एकही मागे राहिली नाही. झाड एकदम बोडकं झालं आणि आभाळ काळंगुलाबी. मी डोळे मिटून घेतले.

मग कलकलाट ऐकू आला, आधी लांब, मग जवळ, मग डोक्यावर. डोळे उघडले तर सगळ्या परत बसून पाणी पीत होत्या, जशी काही मी बोललेच नव्हते.

दुसरी थाप. तसंच. तिसरी मी अशी मारली की हात झिणझिणला. उडाल्या, वळल्या, आल्या. एक तर माझ्या डोक्यावरच्या फांदीवर बसली आणि तिने माझ्या पदरावर आपलं मत दिलं.

आधी ठकी हसली. मग सगळेच.

भावजी टोपी काढून उभे राहिले. "बसलेले उठत नाहीत," म्हणाले. "काय करायचं? हात लावता येणार नाही."

"मग होळी कसली?" ठकीच्या नवऱ्याने विचारलं.

"माझ्या नाल्यावर एक सावर आहे. लहान आहे, अजून फुलत नाही. तिच्यावर कुणी बसत नाही, मी बघितलंय."

माणसं तिकडे गेली. मी लंगडत मागून गेले. दोर तिथे आधीच ठेवलेले होते, खोडाभोवतीचं गवत काढलेलं होतं. कुणी काढलं कुणास ठाऊक. अर्ध्या तासात झाड खांद्यावर. ती त्यांची सावर थोडी वाकडी होती. मी दोरी आणायला गेले नाही.

संध्याकाळी होळी उभी राहिली, शेंड्याला पापड्या, हार. बायका नाचल्या, मी गुडघ्याला विचारून थोडी नाचले. निखारे झाले तेव्हा दोन्ही हात पदरात गुंडाळून लांब उभी राहिले. नारळ ठकीने उचलला आणि जिंकल्यासारखी माझ्याकडे बघत ओरडली, "पुढच्या साली आमचा ताड." दे बाई.

१४ मार्च

सगळं अंग दुखतंय. भोरड्या चार टोपल्या.

३० मार्च, गुढीपाडवा

सावरीची फुलं संपली. भोरड्या आता दिवसभर ठकीच्या उंबरावर, फळं पिकलीत. ठकी दारात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "आमच्याकडच्या" म्हणून दाखवते. दाखवू दे. संध्याकाळी जाता जाता सगळ्या माझ्या सावरीवर टेकतात, घटकाभर बोलतात. काय बोलतात ते ठकीला विचारा.

पुरणपोळी करताना निर्मला गुणगुणत होती, मध्येच थांबली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "चिंचणीला आमच्याकडे पाडव्याला आई तिखट शेवया करायची. आता तिला जमत नाही, हात थरथरतात." मी पोळी लाटत राहिले. तीन पोळ्या झाल्यावर मला ती पातेल्याची गोष्ट आठवली. शेवटची माहेरी कधी गेली, ते मी बोटांवर मोजलं. दोन वर्षं होऊन गेली. मी पाखरांची सासू नीट झाले आणि घरातली राहिली. हे पान मयुराला दाखवायचं नाही.

तिला म्हटलं, "जत्रा लागली की चिंचणीला जा. चांगले आठ दिवस रहा."

"आणि तुमचं जेवण?"

"मी चौथी शिकलेय. भात येतो."

८ एप्रिल, मंगळवार

दोन टोपल्या. काल तीन होत्या. अंगाने गोल गरगरीत झाल्यात, आता बसल्या की फांदी वाकते. पुढच्या बाजूला लिहिलं, मागच्या बाजूला लिहावंसं वाटत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आज हनुमान जयंती, विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा लागली. शितल मॅडम मुद्दाम आल्या, पाखरांना निरोप द्यायला. संध्याकाळी जेमतेम अर्धी टोपली आली. सावरीवर बसल्या, बोलल्या, मग सगळ्या एका अंगाने उठल्या, रोज दक्षिणेला जातात, आज उत्तरेला. तलासरीच्या अंगाला, गुजरातकडे. मॅडम दुर्बिणीतून बघत राहिल्या, मला पण दिली. मला काही दिसलं नाही, डोळ्यात पाणी होतं, पण छान छान म्हटलं.

मयुरा म्हणाली, "आजी, महिन्याभरात त्या घरटी करतील."

मी म्हटलं, सुखरूप मोकळ्या होऊ देत. महालक्ष्मीला पाच भोरड्यांच्या नावाने हळदकुंकू वाहीन, सहाशेला परवडणार नाही.

१३ एप्रिल, रविवार

निर्मला सकाळी चिंचणीला गेली, पिशवीत चिकू, अंगावर गुलाबी साडी. पुढच्या सोमवारी येते म्हणाली. मी म्हटलं, मंगळवारी ये.

घर शांत, झाड शांत. मी भात लावला, थोडा लागला. तेवढ्यात काशीनाथभावजी विळी परत द्यायला आले. विळी माझी नव्हतीच, त्यांचीच होती. पायरीवर बसले आणि रिकाम्या सावरीकडे मान वर करून बघत राहिले.

मी म्हटलं, "आता काय बघता? आमची पाळी संपली. पुढच्या साली ठकीचा ताड."

"सरळ आहे का बघतो."

"आहे ना सरळ?"

"सरळ आहे," म्हणाले. "पहिल्यापासून सरळच होती, वहिनी."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग दोरी, मुंग्या, मुसळ, त्या दोन टाळ्या, सगळं एकामागून एक डोळ्यांपुढून गेलं. उठून आत जाऊन चहा केला. साखर दोन चमचे जास्त घातली.

चहा झाल्यावर मी वही काढली. मॅडमनी काल पुढच्या बाजूला स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय की पुढच्या वर्षी एकवीस फेब्रुवारीला येते. ते दाखवलं आणि म्हटलं, "मॅडमनी दिवस दिला. ह्या भोरड्या काही न सांगताच गेल्या."

"तुम्ही आत होतात," भावजी म्हणाले. "मला सांगून गेल्या."

"कधी येणार म्हणाल्या?"

त्यांनी कपबशी खाली ठेवली. "एकवीस फेब्रुवारी. उजाडताना. यंदा आल्या तशाच."

यंदा त्या एकवीसला उजाडताना आल्या, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. लिहून घेतलं. शनिवार आहे, मयुरा घरी असेल.